टिकला तर बरं

चपलांचे अंगठे जिन्याकडे होते. डावीचा जरा तिरका, उजवीचा अगदी सरळ, पहिल्या पायरीवर नेम धरल्यासारखा — आणि काल संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने त्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण तो रोजच तशा ठेवतो, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. भिंतीकडे तोंड केलेली चप्पल म्हणजे घरी आलेला माणूस. जिन्याकडे तोंड केलेली चप्पल म्हणजे निघालेला माणूस. आणि तो तर अजून दात घासत होता... तोंडात ब्रश तसाच ठेवून त्याने वाकून एक चप्पल उचलली. तळाला गवताचं एक ओलं पातं चिकटलेलं होतं. त्याकडे त्याने दुर्लक्ष केलं. संशय घेताना माणसाने एका वेळी एकच पुरावा घ्यावा, नाहीतर गोंधळ होतो.

आत स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावत होत्या, नेहमीपेक्षा हळू. हळू का? घरात कोणी झोपलेलं नव्हतं.

घरात माणसं चार — सासरे, सासूबाई, बायको आणि तो. घरजावई हा शब्द इथे कोणी वापरत नाही. इतकं जपून वापरत नाही की तो सारखा ऐकू येतो. मागच्या वर्षी लग्न झालं आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात राहायला आला, त्याच आठवड्यात क्लब वरच्या गटात गेला. क्लब म्हणजे फुटबॉलचा, गावाचा एकुलता एक, सासऱ्यांच्या उभ्या जन्मात कधी वर न गेलेला. सासरे निवृत्त बसचालक. ते रडले. मग डोळे पुसून त्यांनी जावयाला दोन्ही खांद्यांना धरलं आणि जिन्यातून प्रत्येक मजल्यावर नेऊन दाखवलं, नव्या फ्रीजसारखं. पायगुण बघा, म्हणाले, जावयांचा.

पायगुण! शाळेत एकदा चेंडू लागून चष्मा फुटला होता, एवढाच त्याचा आणि फुटबॉलचा संबंध. ऑफसाइड म्हणजे काय हे बायकोने त्याला नंतर समजावलं, मिठाची बाटली, दोन चमचे आणि त्याचा चष्मा टेबलावर मांडून... चष्मा ऑफसाइड होता. पण पायगुण त्याने नाकारला नाही. कोण नाकारेल? फुकट मिळालेलं कौतुक परत घेणारं दुकान अजून कुठे निघालेलं नाही. तिथेच चुकलं. पायगुण घेतला की पायांची जबाबदारी येते, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मग वरच्या गटात क्लब हरायला लागला. आधी थोडक्यात, मग सवयीने. गोल खाल्ला की सासरे पडद्याकडे बघायचे, मग कोचच्या नावाने दोन शब्द, आणि मग नजर हळूहळू उतरत, टेबलाच्या कडेवरून घसरत, खाली... माझ्या पायांकडे. पहिल्यांदा वाटलं, काही सांडलंय का. दुसऱ्यांदा पाय खुर्चीखाली घेतले. मग मोजे घालून पाहिले, तर मोज्यांत पाय आणखीनच काहीतरी लपवल्यासारखे दिसायला लागले. आता सामना सुरू झाला की पाय आपोआप मागे जातात, खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढून बसतात, धुणं वाळत घातल्यासारखे.

आणि त्यात परवाचा फोन. सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून बहिणीशी बोलत होत्या, पाठ घराकडे. "अगं, तो जातोय आता खाली," म्हणाल्या. "वर आला तेव्हाच मी म्हटलं होतं, याला झेपायचं नाही. टिकला तर बरं, नाहीतर जागा सोडायची, दुसरं काय."

तो दाराआड तसाच उभा राहिला. तो म्हणजे मी. की तो म्हणजे क्लब? व्याकरणाने घात केला होता. क्लब पुल्लिंगी, जावई पुल्लिंगी. सासूबाई नुसतं 'टीम' म्हणाल्या असत्या तर 'ती' झाली असती, आणि संशय निदान बायकोवर तरी गेला असता. आणि 'वर' हा शब्द तर मुळातच दगाबाज — वर म्हणजे वरचा गट, वर म्हणजे दुसरा मजला, आणि लग्नात हार घालून उभा असतो तोही वरच. यातला कोणता वर टिकला तर बरं? विचारणार कसं? आई, तुम्ही परवा फोनवर ज्याला झेपायचं नाही म्हणालात, तो माणूस होता की अकरा माणसं?

आज शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार, हरला तर खाली.

सकाळपुरतं कामावर जायचं होतं. त्याचं काम लोकांचे कान तपासायचं. काचेच्या लहानशा बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, हा बाहेरून बारीक आवाज सोडतो, टूं... आणखी बारीक टूं... आणि ऐकू आलं की आतल्याने बटण दाबायचं. बटण दाबलं की बाहेर दिवा लागतो. सोपं आहे. अवघड आहे ते तपासणाऱ्याने चेहरा कोरा ठेवणं, कारण काचेतून सगळे आवाजाकडे नाही, चेहऱ्याकडे कान लावून बसलेले असतात. भुवई हलली तरी बटण दाबतात. ज्यांना आपलं ऐकणं कमी झालंय हे मान्य नसतं, ते तर काहीच सोडलेलं नसतानाही दाबतात.

आज आलेला गृहस्थ पोहायला शिकवणारा होता. गळ्यात क्लबचा मफलर. काचेच्या खोलीतही काढला नाही. ह्याने आवाज पूर्ण बंद केला आणि वाट पाहिली. दिवा लागला. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा लागला. त्याने दार उघडून विचारलं की आत्ता ऐकू आलं का, तर गृहस्थ म्हणाला, तसं नाही, पण इतका वेळ शांतता म्हणजे काहीतरी चाललेलं असणारच. ह्याला ते पटलं. इतकं पटलं की अहवालात काय लिहायचं ते तो क्षणभर विसरला... आणि बाल्कनीतला फोन पुन्हा आठवला. सासूबाई खरंच 'याला' म्हणाल्या होत्या का? की तेवढं बटण मी दाबलं?

"टिकतील का हो?" जाताना गृहस्थाने विचारलं.

"कोण?" तो इतक्या झटकन म्हणाला, की गृहस्थाने खिशातून कानाची चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

दुपारी घरी आला तर त्याची खुर्ची हललेली. रोज सोफ्याच्या शेजारी असते, ती आता कपाटाला लागून, मागे. बसून पाहिलं. तिथून टीव्हीचा उजवा अर्धा भाग दिसत होता आणि डाव्या भागात कपाटाची कड. म्हणजे क्लब हल्ला करायला गेला की दिसेनासा होणार आणि मार खायला परतला की दिसणार. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा उलट — हे त्याचं त्याला सुचलं आणि थोडा अभिमान वाटला. सासूबाई म्हणाल्या, तिथे तुम्हाला उन्हाची तिरीप लागत नाही. बाहेर ढग होते.

सामना सुरू झाला. टीव्हीचा आवाज नेहमीसारखाच मोठा. सासऱ्यांच्या कानातलं मशीन त्यानेच बसवून दिलेलं, पायगुणाखेरीज त्याने या घराला दिलेली ती एकुलती एक वस्तू, पण टीव्ही मात्र सासरे जुन्याच आवाजात लावतात. मशीनवर विश्वास नाही की जावयावर... समोरच्यांनी चेंडू घेऊन मुसंडी मारली की सासऱ्यांचा उजवा पाय सतरंजीवर दाबला जायचा. ब्रेक. आयुष्यभराचा ब्रेक. बस थांबायची, हे थांबत नव्हते, तरी पाय दाबायचा. बायको नखं खात होती आणि मधूनच एखादा शब्द थुंकत होती, जो तिने लग्नाआधी कधी त्याच्यासमोर उच्चारला नव्हता. कोणी मागे वळून बघत नव्हतं. हे जास्त वाईट. बघणाऱ्यापेक्षा न बघणाऱ्यापासून जास्त सांभाळायचं असतं. त्याने पाय दांडीवर आणखी वर घेतले.

मध्यंतराला शून्य-शून्य. सासरे उठले, पाय मोकळे करून येतो म्हणाले आणि दाराबाहेर गेले. खेळ पुन्हा सुरू झाला तरी आले नाहीत. कधी एक मिनिट न चुकवणारा माणूस. बायकोने दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईने पदराने हात पुसले. हात कोरडे होते.

"अरे," बायको म्हणाली, नजर पडद्यावरच, "तू पण जरा खाली जाऊन येतोस का?"

खाली. तिने खाली म्हटलं. 'बाबांना बघून येतोस का' नाही, 'बाहेर' नाही... खाली. तो उठला. खुर्ची करकरली नाही, याचंसुद्धा त्याला वाईट वाटलं. खेळातल्या बदली माणसाला निदान बाहेर जाताना टाळ्या मिळतात.

दाराबाहेर त्याच्या चपला नव्हत्या. भिंतीकडे तोंड नाही, जिन्याकडे तोंड नाही — चपलाच नाहीत. म्हणजे माझ्याआधी त्या गेल्या. तो अनवाणी उतरला. फरशी गार होती. प्रत्येक दाराआडून तोच समालोचक बोलत होता, त्यामुळे मजले बदलले तरी वाक्य तुटत नव्हतं.

सगळ्यात खालच्या पायरीवर सासरे बसले होते. पायात त्याच्या चपला. कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात घातलेलं, दिसावं असं. त्यांनी वर पाहिलं, ओशाळले आणि थोडं सरकून जागा केली.

"तुमच्याच आहेत," ते म्हणाले. मशीन काढलेल्या माणसाच्या आवाजात, म्हणजे सगळ्या इमारतीला. "रागावू नका, जावईबापू. रोज पहाटे घालून मैदानाला एक चक्कर मारतो. पाय तर मागून घेता येत नाहीत ना कोणाचे. म्हटलं, चपला तरी."

त्याने हाताने विचारलं — मग?

"मग काय. चपला तुमच्या, पण आतले पाय माझेच." त्यांनी पायांकडे पाहिलं, बिघडलेल्या गाडीकडे बघावं तसं. "उभा जन्म मी बघत बसलो, तो खालीच. तुम्ही आलात, वर गेला. मी परत बघायला लागलो..." आणि हाताचा पंजा त्यांनी उतारावरून सोडून दिला. "म्हणून आज इथे. वर तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नव्हती. तर तुम्हीच खाली आलात."

तो शेजारी बसला. म्हणजे टेबलावरून घसरणारी ती नजर माझे पाय शोधत होती ती... मागायला? खोटं असू शकतं. ब्रेक लागत नसला तर चालक प्रवाशांना सांगत नाही, नुसता पुढे बघून गाणं गुणगुणतो, हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. आणि खुर्ची? खुर्ची कपाटामागे कोणी नेली? आणि फोनवरचा तो? विचारायचं तर ओरडून विचारावं लागणार, आणि जिन्यात ओरडलेलं आधी सासूबाईंना ऐकू जाणार. शिवाय खरं असलं तर आणखी वाईट — म्हणजे इतके महिने मी मोजे घालून बसलो आणि गुण माझ्यात नाही तर चपलेत होता, आणि चप्पल तर मी दुकानात दुसरा जोड मापाचा नव्हता म्हणून घेतली होती...

तेवढ्यात वर आवाज झाला.

सगळ्या दारांमधून एकदम. एक लांब 'ओ', वरपासून खालपर्यंत जिना भरून टाकणारा. किती उंच, किती मोठा, हे तो यंत्राशिवायही सांगू शकला असता. ते त्याचं कामच होतं. आनंदाचा की बुडाल्याचा, ते मात्र सांगता येईना. दोन्ही 'ओ' सुरुवातीला सारखेच असतात. फरक शेवटात असतो, आणि शेवट समालोचकाच्या बडबडीत बुडून गेला.

सासऱ्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी त्याच्या मानेची हालचाल पाहिली आणि ते त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागले, काचेपलीकडून बघतात तसे. हात मांडीवर; अंगठा उगाचच हलत होता, जणू खाली बटण आहे.

"काय झालं?"

त्याने चेहरा कोरा ठेवला. सवयीने. आणि त्या कोऱ्या चेहऱ्याच्या आत तो घाईघाईने शोधायला लागला, की 'ओ' ऐकू आला त्या क्षणी, काहीच कळायच्या आधी, आपल्याला काय व्हायला हवं होतं. आपला गोल असेल तर क्लब टिकला, आणि तो मी खोलीतून उठल्यावर टिकला... त्यांचा असेल तर क्लब गेला, पण मी सुटलो. माझ्या पाठीमागेही हरतो तो. सबंध वर्षात हे एकदाही इतकं सरळ विचारलं नव्हतं कोणी. पहिली इच्छा कोणती होती? ती हाताला लागेना. जो नेहमी दाराआड उभा राहून ऐकतो, तो आतला माणूस आज काही बोलतच नव्हता, आणि त्याच्या गप्प बसण्याचाच आता संशय यायला लागला.

"काही नाही," तो म्हणाला, ओठ नीट हलवत. "चाललंय."

सासऱ्यांनी मान हलवली. विश्वास बसला नव्हता, पण खिशाकडे हातही नेला नाही. मग त्यांची नजर खाली गेली, अगदी नेहमीसारखी, हळूहळू, त्याच्या अनवाणी पायांकडे. त्याने ते मागे घेतले नाहीत. घ्यायला जागाही नव्हती. सासऱ्यांचा उजवा पाय त्याच्या चपलेत, पायरीवर घट्ट दाबलेला होता. आणि शेजारी आणखी एक उजवा पाय तसाच, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेला. तो कोणाचा, हे कळायला त्याला क्षणभर लागलं.