निरीक्षणाचे दहा फॉर्म

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी आता अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. नियम चांगला आहे. उमेदवाराने दहा तास घ्यायचे, गाइडने मागच्या बाकावर बसून पाहायचं आणि काय चुकलं ते फॉर्मवर लिहायचं. आमच्या रसायनशास्त्र विभागात मात्र हे दहा फॉर्म उमेदवारच भरतो. स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं, खाली गाइड, म्हणजे माझ्या बाबतीत विश्वनाथ सर, सही ठोकणार. तारखा वेगवेगळ्या म्हणून पेनंही वेगवेगळी वापरायची, एवढंच काय ते आम्हाला रीतसर शिकवलेलं!

तीन वर्षं सरांचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग मीच घेते आहे. सरांनी एकदाही त्या वर्गाचा उंबरठा ओलांडला नाही. माझा तास सुरू असला की ते रामदासपेठेत कुठल्या तरी समितीच्या बैठकीला. शिकवायचं कसं, हे मी विचारणार कुणाला? मला जसं शिकवलं तसंच मी शिकवत गेले. फळ्याकडे तोंड, भरभर समीकरणं, शेवटी ‘समजलं ना?’ आणि उत्तर यायच्या आत फळ्यावर डस्टर.

त्या दुपारी मी संशोधकांच्या खोलीत फॉर्म भरत बसले होते. माझ्यासोबत पीएच.डी. करणाऱ्या साहिलने चार पेनं पुढे केली. “एखाद्यात थोडं कमी लिही वं दामिनी. साऱ्यात उत्कृष्ट राहिलं तर डाऊट येते,” तो म्हणाला. मी हसलेसुद्धा.

चौदा ऑगस्टच्या फॉर्मवर ‘विद्यार्थ्यांशी वागणूक’ या रकान्यात मी काळ्या पेनाने ‘अत्यंत आपुलकीची’ असं लिहिलं, तेवढ्यात भूमिका दारात आली. माझ्याच वर्गातली, भिवापूरची, इथे वसतिगृहात राहणारी. महिनाभर वर्गात दिसली नव्हती. तिच्या हातात कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. प्रयोगशाळेची काचेची भांडी परत केली, अशी माझी सही तिला हवी होती.

“काहून सोडून राहिली?” मी विचारलं.

“तुमीच म्हणाल्या होत्या ना मॅडम. एवढंही येत नाही तर सायन्सले आली कायले, म्हणून. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी, साऱ्या वर्गासमोर.”

मी समोरच्या फॉर्मवरची तारीख पाहिली : चौदा ऑगस्ट. ते वाक्य माझं नव्हतंच. दुसऱ्या वर्षाला असताना विश्वनाथ सरांनी मला तेच ऐकवलं होतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं. आणि तेच वाक्य मी जपून ठेवलं आणि या पोरीच्या तोंडावर मारलं! मला सरांचा संताप आला, त्याहून जास्त माझा.

“कुठे अडते तुझं?” मी विचारलं. तीन वर्षांत हे मी कुणाला पहिल्यांदाच विचारत होते.

“पहिल्याच तासाले, मॅडम. द्रावणाची नॉर्मॅलिटी म्हणजे काय तेच मले समजलं नाही. तुमी समजलं ना म्हणाल्या आणि लगेच पुसलं.”

मी ‘अत्यंत आपुलकीची’वर काट मारली. खाली लिहिलं : ‘विद्यार्थिनीचा अपमान केला. निरीक्षक गैरहजर.’ भूमिकाला बसायला सांगितलं आणि दहाही फॉर्म घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

“हे काय लिहून राहिली वं तू?” सर खेकसले. “जानेवारीत सबमिशन हाये ना तुझं? दुसरा फॉर्म घे अन् नीट भर.”

“नाही सर. गुरुवारी तुमी वर्गात येऊन बसा, मंग तुमच्या हातानं लिहा.”

“आता तू मले शिकवतं?”

“तुमाले नाही सर. मलेच शिकायचं आहे.”

सरांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये कोंबले आणि दाराकडे बोट दाखवलं.

परत आले तर भूमिका तिथेच बसून होती. “गुरुवारचा एक तास कर. नाही पटलं तर त्याच दिवशी सही देते,” मी म्हटलं. तिने अर्ज माझ्यापाशी ठेवला.

गुरुवारी सर आले नाहीत. मी नॉर्मॅलिटी पुन्हा पहिल्यापासून घेतली. शेवटी सवयीने ‘समजलं ना?’ विचारलं, पण डस्टर टेबलावरच राहू दिलं आणि थांबले. मग मागच्या बाकावरून भूमिकाने हात वर केला.

“नाही समजलं, मॅडम.”