पहिलं नको

‘नको’ म्हणण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तरी आधी नको, मग ‘अहो बसा हो’ ऐकून घ्यायचं, पुन्हा एकदा नको, आणि शेवटी जणू समोरच्यावर उपकार म्हणून बसायचं. आईनं शिकवलंच होतं तसं. पहिल्या बोलण्याला हात पुढे करतो तो हावरट, ज्याला मनापासून द्यायचं असतं तो पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा विचारलं की घ्यावं. आता सगळं जग काही आपल्या आईच्या हाताखालून गेलेलं नसतं. हे कळायला ताईंना परदेशी जावं लागलं, आणि जाऊनही बरीच वर्षं कळलं नाही ते नाहीच.

तिथे त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होत्या. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला नवं अस्तर लावायचं. त्यांचं मशीन मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. सोबतीला एक इस्त्रीवाला, तोही परदेशातून आलेला, माणसांपेक्षा वाफेशी जास्त बोलणारा. काम बरं होतं, मालकीणबाई भल्या होत्या. पण ताईंचा जीव अडकला होता पुढच्या टेबलात.

पुढचं टेबल काचेला लागून, चांगल्या उजेडात. गिऱ्हाईक पडद्याआड कपडा घालून बाहेर येतं, आणि टेबलावरची बाई टाचण्या लावून, खडूनं खुणा करून माप घेते. गावी ताईंनी आयुष्यभर हेच केलेलं. अख्ख्या आळीचे ब्लाउज शिवले होते. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाला दिवस गेले, सगळ्या बातम्या माप घेता घेता कळायच्या. इथे मागच्या खोलीत त्यांच्या हाती नुसत्या पँट यायच्या, आतली माणसं नाहीत. भिंतीकडे बघून बघून त्या विटून गेल्या होत्या.

आणि एक दिवस पुढच्या टेबलावरची म्हातारी बाई काम सोडून लेकीकडे राहायला गेली.

मालकीणबाई मागच्या खोलीत आल्या. “ताई, पुढचं टेबल तुम्ही घ्याल का?”

ताईंना मशीन सोडून तिथेच नाचावंसं वाटलं. आणि तोंडातून काय निघावं? “छे छे, मला कुठलं जमायला. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

असं म्हणून त्यांनी मान खाली घालून टीप मारायला घेतली आणि वाट बघितली. आता बाई म्हणतील, अहो असं कसं, तुम्हीच हव्यात. मग आपण म्हणू, भाषा नीट येत नाही मला. मग त्या म्हणतील, येते हो. ताईंचे मनातले मांडे भाजून तयार होते.

“बरं, हरकत नाही,” मालकीणबाई हसून म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ताईंची सुई कापड सोडून भलतीकडेच गेली. सगळी टीप उसवावी लागली.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बाई घाईत असतील, उद्या विचारतील. उद्या गेला, परवा गेला. मालकीणबाई रोज गोड बोलायच्या, टेबलाबद्दल अवाक्षर नाही. मग एका दुपारी इस्त्रीवाला वाफेतून म्हणाला, “काचेवर पाटी लावलीय. माप घेणारी बाई हवी म्हणून.”

“मला परत विचारलंसुद्धा नाही,” ताई म्हणाल्या.

“कशाला विचारतील? तुम्ही नको म्हणालात ना?” असं म्हणून त्यानं शर्टाची कॉलर दाबली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा नवरा पेपरात तोंड घालून बसला होता. त्यानं रोजच्यासारखं विचारलं, “दमलीस? चहा करू का?” आणि ताई रोजच्यासारखं म्हणाल्या, “नको, राहू दे, मीच टाकते.” गॅसपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना रडूच आलं.

लेकीनं विचारून विचारून सगळं काढून घेतलं. ऐकून ती डोक्याला हात लावून म्हणाली, “आई, तू नको म्हणालीस.”

“अगं, पहिलं नको म्हणजे नको नसतं. रीत असते ती.”

“ही रीत त्यांना कुणी सांगितलीय? लग्नात तरी पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणाली होतीस का?”

“तिला विचारलंच कुणी नव्हतं,” नवरा पेपरामागून म्हणाला. मग पेपर खाली ठेवला. “वरच्या मजल्यावरचे ते इथले आजोबा आठवतात का? आपण नवीन आलो तेव्हाचे?”

न आठवायला काय झालं. आजोबांनी जेवायला बोलावलं म्हणून हे दोघं दुपारपासून पोट रिकामं ठेवून गेले, आणि आजोबांनी ताटं पुढे केल्यावर एका सुरात ‘नको नको, खाऊन आलोय’ म्हणाले. आजोबांनी मान डोलावली, ताटं आत नेली आणि तासभर आपल्या नातवंडांचे फोटो दाखवले. घरी येऊन दोघांनी वरणभात लावला होता. ताईंनी त्या दिवसापासून आजोबांना चिक्कू म्हणून टाकलं ते कायमचं.

“जा आणि सरळ माग,” नवरा म्हणाला. “रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.”

सांगणाऱ्याचं काय जातं? आयुष्यात ताईंनी जास्तीची कोथिंबीर सोडली तर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. सकाळी दुकानात शिरताना काचेवरची पाटी दिसली आणि त्या दारातच थबकल्या. आज कुणी आली, टेबल घेऊन बसली, की उरलेला जन्म भिंत. या विचारानंच त्यांना रेटलं. मालकीणबाई टेबलाशी टाचण्या निवडत होत्या. ताई पर्ससुद्धा न ठेवता समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“हे टेबल मला हवंय,” त्या म्हणाल्या. “फार हवंय. त्या दिवशी नको म्हणाले ते खरं नव्हतं.”

मालकीणबाईंनी चष्मा काढला. “मग नको का म्हणालात?”

आता हे कसं समजवायचं? ताईंनी येईल तसं सांगितलं. आमच्याकडे पहिलं नको नुसतं मान राखायला असतं. देणाऱ्यानं पुन्हा विचारायचं, आग्रह करायचा. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, तेव्हा मला वाटलं, बाईंनी उगीच तोंडदेखलं विचारलं होतं.

मालकीणबाईंनी हातातली टाचणी खाली ठेवली. “मला वाटलं, तुम्हाला संकोचात टाकलं मी,” त्या म्हणाल्या. “माणूस नाही म्हणाला की त्याला पुन्हा विचारू नये, त्याच्या शब्दाचा मान ठेवावा, असं माझ्या आईनं शिकवलंय. किती वेळा तुमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन मागे फिरले.”

ताईंना एकदम वरचे आजोबा आठवले. बिचारे. इतकी वर्षं त्या माणसाला चिक्कू म्हणत आलो, आणि तो आपला मान ठेवत होता.

मालकीणबाईंनी काचेवरची पाटी काढून टेबलावर उलटी ठेवली. चष्मा लावला. “ताई, हे टेबल घ्याल का?”

सवयीनं ‘छे छे’ अगदी ओठांवर आलं होतं. ताईंनी ते गिळलं. “हो.”

“घ्याल ना?”

“हो, घेते.”

मालकीणबाई हिशोब चुकू नये म्हणून थांबावं तशा थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “घ्या हो. मला तुम्हीच हव्या आहात.”

हे तिसरं होतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माहेर सुटल्यापासून इतका आग्रह त्यांना कुणी केला नव्हता. मग त्यांनी पर्स ठेवली, टेप गळ्यात अडकवला आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी पडदा सरकवला.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा नवरा पेपरात होता. “दमलीस? चहा करू का?” त्यानं पान उलटत विचारलं.

“हो, करा,” ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. “आलं घालून.”

पेपर हळूहळू खाली आला. नवऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेला. कपाटांची दारं उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.

“अगं,” शेवटी त्यानं आतून विचारलं, “आपली गाळणी कुठे असते?”