घरचे सोडून

"नित्या, उतर खाली. हा आकडा माहा नाही."

श्रीधर खालून ओरडला. माझा मुलगा नितीन शिडीवर होता. फ्लेक्सचं एक टोक बांधून झालं होतं. त्यावर माझ्या धाकट्या भावाचा, श्रीधरचा, कोटातला फोटो होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सौंसरचे सुपुत्र, थोर गणितज्ञ प्रा. श्रीधर घागरे. जगभरातील २३४० संशोधकांनी घेतली दखल.' मी अक्षरं शिकलो ती चाळिशीनंतर, पण एवढं मोठं मला दुरूनही वाचता आलं. मी दोनदा वाचलं होतं.

"काका, मोबाईलवर तुमचं नाव टाकलं तं हाच आकडा निघाला."

"तो दुसरा एस. घागरे आहे. सिमेंटवर काम करते तो. त्याच्या सिमेंटचा हार मले कायले घालता?"

नितीन हिरमुसला. संध्याकाळी समाजभवनात सत्कार होता, पांढुर्ण्याहूनही मंडळी येणार होती. मला तर तो आकडा फारच आवडला होता.

"राहू दे न रे, श्रीधर. इथं कोण मोजून राहिलं?"

"मी मोजून राहिलो न, दादा."

फ्लेक्स गुंडाळून ठेवला. माझी बायको कलाबाई चहा घेऊन आली. श्रीधरचं गणित आकारांचं. आकार कितीही ताणला, दाबला तरी त्यातलं काय बदलत नाही ते शोधायचं आणि बीजगणितात मांडायचं. एकदा त्यानं ते कलाबाईला तिच्याच उडीदवड्यावर समजावलं होतं. वडा दाबा, लांबवा, भोक एकच राहतं. तेव्हापासून ती म्हणते, "भावजींनं वड्याच्या भोकावर पगार खाल्ला."

"मंग तुहा आकडा किती?" मी विचारलं.

"अकरा."

"हजार?"

"नुसते अकरा. अकरा लेखांत लिहिलं आहे, की हे घागरेनं आधी दाखवलं होतं. त्यातले तीन लेख माहेच. म्हणजे आठ."

कलाबाई चहा ओतता ओतता थांबली. माणसानं उभा जन्म यात घातला होता.

"ते तीन कायले सोडतं? छापलं तं आहे न?"

"दादा, तुह्या प्रणालीच्या लग्नात तू आचाऱ्याले जेवणाची पानं सांगितली, तवा घरचे धरले होते काय?"

"घरचे कायले धरीन? घरचे शेवटी बसतात."

"मंग?"

"कोण आहेत हे आठ?" मी विचारलं.

श्रीधर सावरून बसला. "पहिला लेख छापल्यावर एकोणीस वर्षं कोणीच आलं नाही. मले वाटलं, वाया गेलं. मंग पोलंडातल्या एका मास्तरनं नाव घेतलं. वारला तो आता. चिलीतल्या एका पोरीनं तं माह्या एका पानावर आपलं सारं काम उभं केलं. मी पाहिलं नाही तिले कधी."

मला एक जुना शनिवार आठवला. हा नागपूरहून अचानक आला, आम्हा सगळ्यांना जामसांवलीच्या मारुतीला नेलं, नारळ फोडला, पेढे वाटले. कशाचे, विचारलं तर म्हणाला, असेच.

"तो नारळ पोलंडवाल्याचा होता काय रे?"

"हाव," तो म्हणाला आणि कपात पाहत राहिला.

संध्याकाळी सूत्रसंचालकानं कागदावरचा आकडा वाचलाच. हार गळ्यात पडला होता. श्रीधरनं माईक घेऊन सांगितलं, "आठ धरा." मागे कोणी तरी हसलं. मग त्यानं ते आठ जण एकेक करून सांगितले. गावासह. सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तसे. शेवटचं नाव चिलीच्या पोरीचं. पहिली टाळी कलाबाईची होती.

सकाळी नितीन फ्लेक्स फेकायला निघाला. मी तो घेतला. संत्र्याच्या पेट्यांवर नंबर घालायचा काळा रंग आणला, २३४० खोडलं आणि वर ८ काढला. माझा आठ अजून वाकडाच येतो. आम्ही फ्लेक्स बसस्टँडसमोर बांधला. श्रीधरच्या बसनं वळण घेतलं तेव्हा खिडकीतून त्याचा हात बाहेर आला. हलला नाही, नुसता बाहेर राहिला.

मोहगावचा एक ओळखीचा गाडी थांबवून वर पाहत होता.

"आठच काय, बाप्पा?"

"घरचे सोडून," मी म्हणालो.