डाव्या पानावरचा ठिपका

बिजागरीवाल्याला या भानगडीतून काय काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे मागाहून कोणी फसवलं असं म्हणायला नको. पहिलं, लष्कराच्या पेट्यांसाठी दरमहा बारा हजार बिजागऱ्यांचं काम. पेट्यांत काय भरतात ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. झाकण उघडावं आणि मिटावं, एवढाच त्याचा जगाशी संबंध. दुसरं, दारावर ‘संरक्षण पुरवठादार’ अशी पाटी. आणि तिसरं, ज्याच्यासाठी पहिली दोन त्याने हसत सोडली असती, ते म्हणजे मेहुण्याचं तोंड बंद.

मेहुणा गाद्यांचा व्यापारी. कारखान्याची शेड मूळची सासऱ्यांची. ती लेकीला आणि लेकाला निम्मी निम्मी आलेली. कपाटवाले बाहेरून स्वस्त बिजागऱ्या आणू लागले, तीनपैकी दोन प्रेस ताडपत्रीखाली गेल्या, तेव्हापासून मेहुण्याने एकच घोषा लावला होता. “दाजी, लोखंडाने कधी कुणाला झोप लागलीय का? शेडमध्ये गाद्या ठेवू.” शेवटी घरात ठरलं की वर्षाच्या शेवटच्या तारखेआत मोठं काम आलं तर शेड बिजागऱ्यांची, नाहीतर गाद्यांची. मात्र मेहुणा शेवटच्या तारखेची वाट बघणाऱ्यांतला नव्हता. दर आठवड्याला हातगाडीवरून पाच-सहा गाद्या यायच्या, ‘दोन दिवसांपुरत्या’. त्या एव्हाना दारापासून चालू प्रेसपर्यंत पोचल्या होत्या.

लष्कराला माल पुरवायच्या शर्यतीत छोटे कारखानदार मागे पडू नयेत म्हणून एक मदत केंद्र निघालं होतं. तिथून एक सल्लागार आला. गुळगुळीत दाढी, पातळ बॅग, आणि बसायला खुर्ची न मिळाल्याने गादीच्या थप्पीवर चढून बसलेला. पाय अधांतरी. त्याने फॉर्म काढला.

“रकाना सात. तुमचं नावीन्य काय?”

“बिजागरी,” बिजागरीवाला म्हणाला.

“ती तर सगळेच करतात. नावीन्य हवं. किमान पन्नास शब्द.”

कोपऱ्यातून मिस्त्री पुढे आला. याला सगळे अंगठा-मिस्त्री म्हणत, कारण व्हर्निअर लावण्याआधी तो पत्र्यावरून अंगठा फिरवून माप सांगायचा आणि व्हर्निअर मागाहून त्याला दुजोरा द्यायचं. त्याने खिशातून एक बिजागरी काढली. पिनेचं खालचं टोक त्याने किंचित वळवलं होतं, शेपटीसारखं.

“हादऱ्यांनी पिन वर सरकते आणि गळून पडते, साहेब. ट्रकमध्ये तर गळणारच. ही शेपटी लावली की मरेपर्यंत गळत नाही. जास्तीचा खर्च काही नाही.”

सल्लागाराने बिजागरी झटकली, आपटली, दाताखाली धरायची तेवढी बाकी ठेवली. “वा! पण ड्रॉइंगमध्ये ही शेपटी आहे का?”

“नाही. म्हणून तर नवी.”

“मग चालणार नाही. त्यांना नावीन्य हवंय, बदल नकोय.”

मिस्त्रीने बिजागरीवाल्याकडे बघितलं, बिजागरीवाल्याने गाद्यांकडे. शेपटी परत खिशात गेली.

आता त्या ड्रॉइंगविषयी. ते लष्कराच्या खरेदी खात्याकडून टपालाने आलं होतं, नकलेची नक्कल. त्यात बिजागरीच्या डाव्या पानाच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या भोकाजवळ, एक काळा ठिपका होता. त्याला ना माप, ना बाण, ना नाव.

“हे काय?” मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “उंचवटा म्हणायचा तर आतून येतोय. पानं पूर्ण मिटणार नाहीत.”

बिजागरीवाल्याने खात्याला पत्र घातलं: ठिपक्याचा खुलासा व्हावा, त्याने पानं पूर्ण मिटणार नाहीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्यात एकच शब्द: ‘ड्रॉइंगप्रमाणे’. तेव्हा मिस्त्रीने शिव्या घालत पंच मारला आणि मोहरीएवढा उंचवटा काढला.

सल्लागाराला तो आत्ता दिसला. गादीवरून त्याने उडीच मारली. “हा काय प्रकार?”

“ठिपका आहे. ड्रॉइंगमध्ये आहे.”

“त्याचं काम काय?”

“पानं मिटू न देणं,” मिस्त्री म्हणाला.

“छे, छे. अंधारात सैनिकाचं बोट यावर पडतं, आणि पेटी उलटी की सुलटी ते त्याला कळतं. स्पर्शखूण!” त्याची लेखणी धावत सुटली होती.

“पण साहेब, ड्रॉइंग त्यांचं,” बिजागरीवाला चाचरत म्हणाला, “मग नावीन्य माझं कसं?”

“ठिपका त्यांचा. अर्थ तुमचा.” पन्नासच्या जागी शहात्तर शब्द झाले.

आणि गंमत बघा. स्पर्धेत आणखी चार कारखाने होते, एक तर चांगला दोन मजली. चौघांनी समजूतदारपणे ठिपका वगळला आणि चौघांचा माल ‘ड्रॉइंगप्रमाणे नाही’ म्हणून परत गेला. शहाण्यांची अशी वासलात लागल्यावर एकटा बिजागरीवाला उरला. आता शेवटची तपासणी तेवढी बाकी होती. तारीख संपायला दोन दिवस राहिले होते.

तपासनीस आला तो सीलबंद नळकांडं घेऊन. आत मूळ ड्रॉइंग होतं, नकलांची आई. त्याच वेळी मेहुणाही हातगाडी घेऊन दारात हजर.

“चालू द्या, चालू द्या,” मेहुणा म्हणाला. “मी फक्त आठ गाद्या टेकवतो. परवा सगळ्याच यायच्यात, तेवढीच खेप वाचेल. नाही का, दाजी?”

“मेहुणे, अजून दोन दिवस आहेत,” बिजागरीवाला दात आवळून म्हणाला.

तपासनिसाने ड्रॉइंग टेबलावर पसरलं, भिंग काढलं. भोकं मोजली, जाडी मोजली, पिनेची लांबी मोजली. सगळं बरोबर. मग तो डाव्या पानाशी आला आणि थांबला. एकदा मूळ ड्रॉइंगकडे, एकदा बिजागरीकडे, पुन्हा ड्रॉइंगकडे.

“पाय कुठे आहेत?”

“कुणाचे?” बिजागरीवाल्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं.

“ठिपक्याचे. मुळात सहा आहेत. तुमच्यात एकही नाही. आमच्या खात्यात नक्कल म्हणजे कशी लागते ठाऊक आहे ना? मक्षिकास्थाने मक्षिका!”

बिजागरीवाल्याची बायको मोजलेल्या बिजागऱ्या पुड्यांत बांधत होती. ती हात पुसत आली आणि न विचारता भिंगातून वाकून बघितलं.

“अहो साहेब, तुम्ही म्हण सांगताय की खरंच सांगताय? ही माशी आहे. मेलेली. हा बघा पंख. थांबा, नखाने काढते.”

“हात लावू नका!” तपासनीस असा ओरडला की दारात मेहुण्याच्या हातून गादी निसटली. मग तो खुर्चीत टेकला आणि आवाज खाली आणून बोलला. “बाई, माशी आहे हे मला ठाऊक आहे. पण ती चिकटल्यानंतर या कागदावर सहा सह्या झाल्यात. माशी काढली की ड्रॉइंग बदललं. बदललं की पुन्हा सहाच्या सहा जणांच्या सह्या. त्यातले तिघे निवृत्त झालेत, दोघे वारलेत.”

“आणि सहावा?”

“सहावा मी.”



“म्हणजे मी माशी करायची,” मिस्त्री म्हणाला. “लोखंडाची. बारा हजार. दर महिन्याला.”

“पायांसकट. दोन दिवसांत नमुना द्या, मी सही करतो.”

“जमणार नाही. तीस वर्षं झाली, माझ्या बिजागरीचं दार कधी करकरलं नाही. पिनेला शेपटी लावतो म्हटलं तर नको, आणि माशीला पाय हवेत?” त्याने अंगातला निळा कोट काढून खुंटीला लावला. “मालक, दुसरा कोणी बघा.”

दुसरा कोणी नव्हता. मोहरीवर सहा पाय कानशीने कोरेल असा हात त्या रस्त्यावर एकाच माणसाचा होता. मेहुणा गादीवर हात फिरवत मजेत उभा. बिजागरीवाला मिस्त्रीच्या जवळ गेला. त्याला वाटलं होतं शेडची गोष्ट काढावी, पाटीची काढावी. तोंडून भलतंच निघालं.

“मिस्त्री, परवापासून मी गाद्या विकायला बसलो तर तुम्ही घ्याल का एखादी?”

मिस्त्रीने खुंटीकडे हात नेला. “कण्याला वाईट असतात,” तो पुटपुटला, आणि कोट पुन्हा अंगात चढवला.

दोन दिवस तो भिंगाखाली बसला. बिजागरीवाल्याच्या बायकोने चहा ठेवला की थंड करून परत द्यायचा. शेवटच्या संध्याकाळी माशीच्या ठशाची डाय तयार झाली, पहिलं पान निघालं. तपासनिसाने सहा पाय मोजले, दोन पंख मोजले, समाधानाने मान हलवली आणि बिजागरी मिटली. ती मिटली नाही. माशीच्या जाडीएवढी फट राहिली.

“पाणी शिरेल यातून,” तपासनीस म्हणाला.

“हेच मी तुमच्या खात्याला पहिल्या पत्रात…” बिजागरीवाला म्हणू लागला.

“झाकणाच्या कडेला काहीतरी मऊ लावा. दाबलं की दबेल असं. कडांविषयी ड्रॉइंग काही बोलत नाही.” त्याची नजर शेडभर फिरली आणि एकाच जागी बसली. “हे काय आहे?”

“गाद्या!” मेहुणा एका ढांगेत पुढे आला. “माझ्या आहेत, साहेब. हव्या तेवढ्या पट्ट्या कापून देतो. न खपलेला माल… म्हणजे राखून ठेवलेला.”

सही झाली. तारीख संपायला पाच तास होते.

आता हिशेब. पाटी लागली, आणि तिच्यावर मेहुण्याचंही नाव आहे, जरा मोठ्या अक्षरात. शेड बिजागऱ्यांची राहिली. फक्त तीनचतुर्थांश जागेत गाद्या कापल्या जातात. मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं, ते आता रोज सकाळी आठपासून उघडं असतं, “काय भागीदार!” म्हणत. सल्लागाराला रकाना सातबद्दल मानाची ढाल मिळाली, आणि तो सध्या एका बटणवाल्याला पाचवं भोक पाडायला सांगतोय. तपासनिसाच्या पाच सह्या वाचल्या. मिस्त्रीच्या चष्म्याचा नंबर दीडने वाढला, आणि पहिल्याच खेपेत ट्रकमध्ये चारशे पिना गळून पडल्या. त्या ड्रॉइंगप्रमाणेच गळल्या, म्हणून तक्रार आली नाही. शेपटीची बिजागरी मिस्त्रीने स्वतःच्या घरी, कपाटाला लावली.

थोडंफार सगळ्यांनीच मोजलं, आणि ज्याने त्याने ते दुसरीकडून वसूलही केलं. पुरती किंमत एकरकमी मोजली ती एकट्या माशीने, कुठल्याशा दुपारी, ओल्या शाईवर टेकताना. तिला पावतीही कोणी दिली नाही.