उजवा मागचा स्पीकर

तातेराव गजभारे यांनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या हद्दीत बिघाड झाला आणि तो त्यांना सापडला नाही, असं एकदाही घडलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि रोज सांगत, त्यामुळं मौलाअलीच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं. लिफ्ट बंद पडली की लोक गुपचूप जिन्यानं उतरत, कारण तातेरावांची गाठ पडली तर बिघाड शोधायचं शास्त्र पहिल्यापासून ऐकावं लागे.

शास्त्र तसं सोपं होतं. बिघाड कुठं आहे ते कळत नसेल तर डोकं खाजवत बसायचं नाही. एक वस्तू काढायची, तिच्या जागी दुसरी लावायची. बिघाड वस्तूबरोबर गेला तर वस्तू खराब. तो जागेवरच राहिला तर वस्तू चांगली, पुढची काढा. आणि ‘हिला काय होणार’ म्हणून एकही वस्तू सोडायची नाही, कारण खात्यातले अर्धे बिघाड अशा सोडलेल्या वस्तूतच निघतात.

तीन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यावर मात्र त्यांच्या घरातच एक बिघाड झाला. विमलाबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या.

भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. जेवायला या, सिलेंडर संपलं, वरच्या फळीवरचा डबा काढून द्या, एवढं स्वयंपाकघरातून मोठ्यानं ऐकू येई. पण बाकीचं बोलणं, ज्याला बोलणं म्हणतात ते, बंद झालं होतं. संध्याकाळी तातेराव स्विचबोर्डाजवळच्या आपल्या खुर्चीत बसत, विमलाबाई शेजारी सोफ्यावर मेथी निवडत बसत, समोर टीव्ही चाले आणि मध्ये शांतता. ही तीच बाई होती जी आबिड्सच्या टॉकीजमध्ये पडद्यावरच्या माणसांच्या वरताण बोलायची. ‘ही आता मरणार बघा’, ‘हिची साडी मघाशी हिरवी होती’, असं तिचं चालू असे, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘अम्मा, पिक्चर देखने देव जरा’ म्हणून विनवी. तेव्हा तातेरावांना त्याची लाज वाटायची. आता त्या बडबडीसाठी त्यांचा जीव तुटत होता. आपलं काय चुकलं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, दोन-चार गोष्टी आठवल्याही, पण त्या फार जुन्या होत्या.

मग एके दिवशी त्यांना उपाय सुचला. टॉकीजमध्ये बोलते ना, मग घरातच टॉकीज करू. चारी बाजूंनी आवाज यायला लागला की तिला आपोआप कंठ फुटेल. विचार जरा अजबच होता, पण त्यांना तो शास्त्रशुद्ध वाटला.

त्यांची मुलगी दीक्षा माधापूरला कंपनीत होती आणि दिवसभर कानात इअरफोन घालून हिंडायची, म्हणून आवाजाच्या विषयात तिचा अधिकार मानला गेला. तिनं सांगितलं की यात मुख्य वस्तू म्हणजे रिसीव्हर. टीव्हीचा आवाज त्या डब्यात जातो आणि डबा तो पाच स्पीकरना वाटून देतो. समोर तीन, मागं दोन, आणि धडधडीसाठी एक वेगळा. बजेट पंचवीस हजारांचं ठरलं. दीक्षानं नेटवरचे अभिप्राय वाचून दाखवले. एक डबा एकाला स्वर्ग वाटला होता आणि दुसऱ्याच्या मते तोच डबा इतका तापायचा की त्यावर दूध गरम करता आलं असतं. तातेराव म्हणाले की आपण डोळ्यांनी बघू.

पहिलं दुकान आबिड्सला, काचेच्या दाराचं. तिथल्या टायवाल्या माणसानं सात स्पीकरचा डबा दाखवला आणि त्यात आवाज छतावरूनही पडतो म्हणाला. तातेरावांनी सांगितलं की त्यांच्या छतावर रेड्डींचं कुटुंब राहतं, छतावरून भरपूर आवाज पडतो आणि तो फुकट आहे. नंतर किंमत कळली, आणि बाहेर पडताना त्यांनी निदान एसीबद्दल त्या माणसाचे आभार मानले.

दुसऱ्या रविवारी ते विमलाबाईंना घेऊन कोठीच्या गल्लीत गेले. तिथं एका बोळकंडीत छतापर्यंत डबे रचलेलं दुकान होतं आणि मालक स्टुलावर बसून समोसा खात होता. त्यानं एक चकचकीत डबा काढला. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, हजार वॉट. तातेरावांनी खिशातला चष्मा काढला, डबा उलटा केला आणि मागची पट्टी वाचली.

“इसमें लिखा है, खाता दो सौ वॉट. दो सौ खाके हजार कैसा देता?”

मालकानं समोसा खाली ठेवला. बहुधा त्याच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. “चचा, डब्बे पे लिखने का अलग रहता, बजने का अलग रहता,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि त्या क्षणापासून दोघांचं जमलं.

मग त्यानं आतून दुसरा डबा आणला. गेल्या साली आलेला, कंपनीचा, शोकेसमध्ये राहिलेला, बाजूला एक ओरखडा. स्पीकर पाचच, पण वॉटचा आकडा खरा. ओरखड्यामुळं तो बजेटमध्ये बसत होता. मालकानं ऐकवायला म्हणून हेलिकॉप्टर उडवलं, मग एक पूल उडवला. तातेरावांनी हात वर करून थांबवलं. त्यांना पूल नको होता, दोन माणसं चहा पिताना बोलतात तसलं काहीतरी हवं होतं. असलं ऐकायला कुणीच येत नसल्यामुळं मालकाकडं ते नव्हतं. शेवटी त्यानं आपल्या मोबाइलवरून एका तेलुगू सिनेमातले नवरा-बायको लावले. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती, आणि शब्दन् शब्द मधल्या स्पीकरमधून स्वच्छ येत होता. तातेरावांचे डोळे भरून आले. त्यांनी समोर बघतच शेजारी उभ्या असलेल्या विमलाबाईंना विचारलं, कसं वाटतं. उत्तर आलं नाही. मालक मात्र विमलाबाईंकडं बघून कशाला तरी हसला. तातेरावांनी बायकोचं गप्प राहणं हा होकार समजून पैसे दिले.

घरी स्पीकर लावताना पहिली अडचण तसबिरीची आली. उजवा मागचा स्पीकर जिथं टांगायला हवा नेमकी तिथं बाबासाहेबांची तसबीर होती, आणि ती तसूभरही हलणार नाही असं विमलाबाईंनी स्वयंपाकघरातून, म्हणजे ऐकू येईल असं, सांगितलं. तातेरावांनाही ते मान्य होतं. स्पीकर तसबिरीखाली स्टुलावर बसला. दीक्षानं वायरी जोडल्या आणि चाचणीचं बटन दाबलं. डबा एकेका स्पीकरमधून पाळीपाळीनं ‘शूऽऽ’ असा आवाज काढू लागला. समोरचा डावा ठणठणीत. मधला ठणठणीत. समोरचा उजवा जरा दबका, पण चालेल. मागचा डावा उत्तम. आणि मागचा उजवा मात्र मरतुकडा, तोही कुठून तरी डावीकडून आल्यासारखा.

“हा खराब आहे,” तातेराव म्हणाले.

दीक्षाला तो बरोबर वाटला. डब्याबरोबर एक छोटा माइक आला होता, तो खुर्चीत ठेवला की डबा स्वतःच सगळे स्पीकर तपासून घेई. तिनं तपासणी केली. डब्यानं पाचही स्पीकर पास केले. तातेरावांना हे पटण्यासारखं नव्हतं. आपल्या कामाची तपासणी आपणच करणाऱ्यावर खात्यात कुणी विश्वास ठेवत नसे. दीक्षाचे कान इअरफोननं गेले असावेत, असंही त्यांनी काळजीनं सुचवलं.

मग शास्त्र सुरू झालं. त्यांनी डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल केली. आवाज उजवीकडंच मरतुकडा. म्हणजे स्पीकर चांगले. वायर बदलली. तेच. डब्याच्या मागची भोकं बदलली. तेच. स्टूल बदललं, शेजारून दुसरं मागून आणलं. तेच. मग डबा पिशवीत घालून त्यांनी सिटी बसनं कोठी गाठली. मालकानं स्वतः कान लावून दोनदा ऐकलं आणि त्याला काही दोष दिसला नाही. तरी त्यानं त्याच कंपनीचा दुसरा डबा दिला, वर विचारलं, “चचा, तुम्हारा कमरा टेढा है क्या?” तातेरावांनी घरी येऊन टेपनं खोली मोजली. खोली सरळ होती.

दुसऱ्या डब्यानंही तेच केलं. आठवडा झाला, सिनेमा अजून लागलेला नव्हता आणि विमलाबाई सोफ्यावर बसून मुकाट्यानं शेंगा सोलत होत्या. तातेराव मनातून खचले. हा साधा पाच तोंडांचा डबा जर आपलं ऐकत नसेल, तर बायकोचं मौन आपण काय मोडणार, असं त्यांना वाटू लागलं.

रविवारी दुपारी दीक्षा मैत्रिणीकडं गेली होती आणि विमलाबाई आत पोळ्या लाटत होत्या. तातेरावांनी चाचणीचं बटन दाबलं, कागद घेतला आणि आवाज जिथून निघतो तिथपासून एकेक वस्तू लिहिली. डबा, भोक, वायर, स्पीकर, स्टूल. सगळ्यांपुढं बरोबरची खूण झाली. पुढं आवाज येतो तो खुर्चीवर. खुर्ची बदललेली नव्हती. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून त्याच जागी ठेवली आणि तिच्यावर बसले. तेच. खुर्चीपुढंही खूण झाली.

आता यादी संपली होती. म्हणजे संपली नव्हती. खुर्चीत एक वस्तू बसली होती. ‘हिला काय होणार’ असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी ते चपापले, कारण या वाक्याबद्दल त्यांनी हाताखालच्या कितीतरी मेंटेनरना फैलावर घेतलं होतं. स्वतःला काढून दुसरा बसवता येत नव्हता. पण फिरवता येत होतं. तातेरावांनी खुर्ची उलटी केली, टीव्हीकडं पाठ केली, आणि तसबिरीकडं तोंड करून बसले. चाचणी चालूच होती.

स्टुलावरचा मरतुकडा स्पीकर खणखणीत ‘शूऽऽ’ म्हणाला. थोड्या वेळानं डाव्याची पाळी आली. आठवडाभर उत्तम वाजणारा तो स्पीकर एकदम मेल्यासारखा झाला. वायरीला कुणी हात लावलेला नव्हता.

बिघाड वस्तूबरोबर गेला होता.

तातेरावांनी डावा कान बोटानं बंद केला. चाचणी चालली होती की थांबली तेच कळेना. बोट काढलं, चालली होती. नोकरीभर त्यांनी फोन डाव्या कानाला लावला, कारण उजव्या हातात पेन असे. उजव्या कानाची विचारपूस करायची वेळच कधी आली नव्हती. मग त्यांनी बाजूच्या सोफ्याकडं बघितलं. सोफा खुर्चीच्या कुठल्या बाजूला होता, हे त्यांना नव्यानं बघावं लागलं. खुर्ची सरळ असताना तो उजवीकडं येत होता.

“विमल,” त्यांनी हाक मारली, “जरा बाहेर ये.”

विमलाबाई पिठाचे हात पुसत आल्या. खुर्ची उलटी बघून त्या थबकल्या. “सगळं बदलून झालं, आता काय मला बदलायलात?”

“बिघाड सापडला.” त्यांनी उजव्या कानाला हात लावला. “यानं ऐकू येत नाही. तू तीन वर्षं याच बाजूला बसायलीस.”

विमलाबाई सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

“मला वाटलं, ड्यूटी सुटली तसं तुमचं माझ्यावरचं ध्यानच सुटलं,” त्या म्हणाल्या. “दहा गोष्टी सांगाव्या तेव्हा एकदा हूं म्हणायचात, तेही भलत्याच जागी. मग मीच कमी केलं. उगं कशाला तोंड शिणवा.”

तातेरावांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी खुर्ची सरळ केली, दुसरी खुर्ची ओढून आपल्या डाव्या हाताला ठेवली, आणि बायकोला तिथं बसवलं.

“काय काय सांगितलंस ते सगळं सांग. पहिल्यापासून.”

“तीन वर्षांचं?”

“मला कुठं ड्यूटीवर जायचंय.”

विमलाबाईंनी पदर खोचला, आत जाऊन गॅस बंद केला, आणि येऊन बसल्या. सुरुवात तातेरावांच्या निरोप समारंभापासून झाली, ज्यात त्यांनी भाषणात साहेबांचे, सहकाऱ्यांचे आणि कँटीनवाल्याचे आभार मानले होते आणि बायकोचं नाव विसरले होते. पुढच्या दहा मिनिटांत तातेरावांच्या लक्षात आलं की सगळाच दोष काही कानाचा नव्हता.

संध्याकाळी दीक्षा आली तेव्हा पोळ्यांचं पीठ वाळत होतं, डबा आपला शूऽऽ करत फिरत होता आणि आई-बाप खुर्च्या चिकटवून बसले होते. कान दाखवायचा आहे हे बापानं थोडक्यात सांगितलं, आणि तिनं उभ्या उभ्या कोठीच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली. मग एवढं सगळं जुळलंच आहे तर एखादा पिक्चर लावू का, म्हणून तिनं रिमोट उचलला.

“ठेव ते खाली,” विमलाबाई म्हणाल्या. “आत्ता कुठं मी तेवीस सालच्या आषाढ पौर्णिमेपर्यंत आलेय.”