अनुकूल बाजू

संचिताने चिठ्ठी उघडली, वाचली आणि जागच्या जागी उडी मारली.

"अनुकूल! मॅडम, अनुकूल आली!"

कल्याणच्या त्या जुन्या वाचनालयाच्या सभागृहातली सगळी डोकी एकदम मागे वळली. तिच्या शाळेच्या मृणाल मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं, पण डोळे त्यांचेही हसत होते. 'परदेशातील यादवी युद्धात भारताने सैन्य पाठवावे' हा विषय आठवडाभर आधीच कळला होता. बाजू मात्र ऐनवेळी, चिठ्ठीवर. त्यामुळे प्रत्येकाने दोन भाषणं पाठ करून यायचं आणि त्यातलं एक पोटातच ठेवून घरी जायचं.

संचिताची दोन्ही भाषणं चोख होती. पण अनुकूल बाजूच्या भाषणात शेवटचं एक मिनिट असं होतं, की तसं इथे दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

मागच्या वर्षी, नववीत, ती दोन वाक्यांनंतर स्टेजवर गप्प झाली होती आणि तशीच खाली उतरली होती. यंदा तीन स्पर्धा मारून ती या फेरीत आली होती. हा करंडक मिळाला की शाळेच्या दारातल्या फलकावर नाव लागणार होतं, आणि तेही रंगाने. खडूने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं.

स्पर्धा सुरू व्हायच्या वेळी कळलं, की वेळ बघणारे गृहस्थ आलेलेच नाहीत. मॅडमनी लगेच संचिताच्या आजोबांना, उत्तमरावांना, पुढे केलं.

"पण ते स्पर्धकाचे नातेवाईक पडतात," एक आयोजक पुटपुटले.

"सर, ते फौजेत होते," संचिता मध्येच म्हणाली. "आमच्याकडे दूधसुद्धा घड्याळ लावून तापतं. मला एक सेकंद जास्त देणार नाहीत, उलट कापतील!"

सगळे हसले. परीक्षक प्रशांत सरांनी स्वतःच्या हाताने खुर्ची सरकवली. "बसा उत्तमराव. चार मिनिटांना एक ठोका, पाचला दोन."

उत्तमराव ताठ बसले. समोर पितळी घंटा, शेजारी मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. नातीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आधी डोंबिवलीचा हर्षित बोलला, प्रतिकूल बाजूने. "आपल्या घरातली भांडणं मिटेनात आणि आपण काठी घेऊन शेजाऱ्याच्या घरात शिरायचं? शिरणं सोपं असतं मित्रांनो, बाहेर कधी पडायचं ते कोण सांगणार?" टाळ्या पडल्या. संचिताने पण दोन वाजवल्या. चांगलं बोलला होता, मेला.

मग ती उभी राहिली. "शेजारच्या घरात बाई मार खातेय," ती म्हणाली, "आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. याला शहाणपण म्हणायचं?" मग ती निर्वासितांवर आली, मग शेजारधर्मावर. शब्द असे येत होते, की जणू कुणी पाठीमागून हातात देत होतं. चार मिनिटांचा ठोका पडला आणि ती मनातल्या मनात हसली. ती याचीच वाट बघत होती.

आजोबा सत्त्याऐंशी साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेले होते, एवढंच घरात माहीत होतं. पुढचं ते कधी बोलले नाहीत. तिथल्या त्यांच्या सोबत्याची, मारुतीची, गोष्ट तिला सांगितली ती आजीने, परवा, मेथी निवडता निवडता. गोळीबार चालू असलेल्या एका घरातून मारुती सुखरूप बाहेर आला होता. पण आत दोन लहान मुलं राहिली म्हणून परत गेला. मुलं वाचली, तो नाही. संचिताने शेवटचं वाक्य त्याच रात्री लिहिलं होतं: ती दोन मुलं आज जिवंत आहेत, कारण आपलं सैन्य तिथे होतं.

"माझे आजोबा त्या शांतिसेनेत होते," ती आवाज खाली आणत म्हणाली. "त्यांच्याबरोबर एक जवान होता. मुरबाडकडचा, एकवीस वर्षांचा. त्याचं नाव मारुती. एका दुपारी मारुती..."

टण्ण. टण्ण.

संचिता थांबली.

प्रशांत सरांनी आपलं घड्याळ पाहिलं, मग उत्तमरावांकडे. समोरच्या रांगेतून हर्षितच म्हणाला, "सर, तिची वेळ आहे अजून."

"उत्तमराव, घंटा जरा लवकर झाली का?"

आजोबा उभे राहिले. हात शरीराला चिकटवून, वरिष्ठांपुढे राहावं तसे.

"झाली साहेब. चूक माझी."

"हरकत नाही. बाळ, पन्नास सेकंद शिल्लक आहेत तुझे. पूर्ण कर."

संचिताने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी घंटेवर पंजा ठेवला होता, एखादी गरम वस्तू दाबून धरावी तसा. घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. या माणसाची वेळ चुकलेली तिने आजवर पाहिली नव्हती. एवढ्या माणसांसमोर ते चूक माझी म्हणाले होते. आणि मान वर करत नव्हते.

पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. एकच वाक्य. ते म्हटलं, की करंडक तिचा, हे तिला समोरच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "माझं झालं."

करंडक हर्षितला मिळाला, तिला दुसरा क्रमांक. जाताना तो जिन्यात भेटला. "काय गं, घरच्याच माणसाने विकेट काढली?"

"तुझ्यासाठी सेटिंग केलेलं," ती म्हणाली. तो हसला. तीही हसली, पण तळमजला येईपर्यंतच.

एसटीत दोघांना खिडकीजवळची जागा मिळाली. भिवंडी मागे पडल्यावर संचिता त्यांच्याकडे वळली.

"आजोबा, मग तुम्हीच सांगा. पाठवायला हवं होतं का नको?"

"आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पोरी. गाडीत बसा म्हणाले, बसलो."

"मी काही वाईट बोलणार नव्हते त्याच्याबद्दल."

"माहितीय." ते बाहेर बघत होते. गोदामांमागून गोदामं जात होती. "ती दोन मुलं, तुझ्या आजीने सांगितलेली. ती नव्हती तिथे."

"म्हणजे?"

"मारुतीच्या आईला, विमलाबाईंना, पत्र लिहायचं होतं. मला सांगितलं, तू त्याच्या बाजूच्या गावचा, तू लिही. दोन दिवस कागद कोरा ठेवला. मग मुलं घातली त्यात. एक मुलगा, एक मुलगी." त्यांनी गुडघ्यावरची पँट सारखी केली. "विमलाबाईंना वाचता येत नाही. मास्तरांनी ते शाळेसमोर उभं राहून वाचलं. सगळ्या गावाने ऐकलं. मग मी रजेवर आलो, तर त्या म्हणाल्या, तू तोंडाने सांग. नंतर तुझ्या आजीला घेऊन गेलो, तेव्हा पुन्हा सांग."

विचारू नये असं संचिताला वाटलं, तरी तिने विचारलंच.

"मग तो परत आत कशाला गेला?"

"परसात विहीर होती." आजोबांचा आवाज नेहमीचाच होता. "मला पाणी हवं होतं."

बस काशेळीच्या पुलावर आली. खाडीला ओहोटी होती, दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता. संचिताने सीटच्या दांड्यावरचा त्यांचा हात पाहिला. त्यावर आपला ठेवला. तो त्यांनी काढला नाही.

"विमलाबाई आहेत अजून?"

"आहेत. ऐंशी झाली. दर वैशाखात जातो ना मी." मग ते म्हणाले, "आता मारुतीचं फारसं विचारत नाहीत. मुलांचंच विचारतात. केवढी झाली असतील, म्हणतात. लग्नं झाली असतील ना, म्हणतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

पलीकडे बाळकुमच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. आजोबांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. पट्ट्याचं भोक सापडायला वेळ लागला.

"मुलीला दोन पोरं झाली, म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.