पेंड झाली, वैरण राहिली

मित्रांनो, मी एक जुने संडासाचे भांडे आहे. नाक मुरडलेत ना? खुशाल मुरडा. पण तुमच्याहून जास्त किळस मला येते, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. तिथून ट्रकमध्ये पेंढ्यात गुंडाळून मी नगर जिल्ह्यात आले, प्रवरेकाठच्या कोल्हारला. पंचवीस वर्षांपूर्वी चांगुणाबाईंनी हट्ट धरून मला परसात बसवून घेतले. तोवर गल्लीतल्या बायका पहाटेच्या अंधारात ओढ्याकडे जात. मी आले तेव्हा आठवडाभर शेजारणी मला बघायला येत होत्या. "दुधावानी पांढरं हाय गं!" असे शेजारच्या छबूबाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर माझे कौतुक कोणी केल्याचे मला आठवत नाही.

पुढे जे वाट्याला आले ते सांगायलाही नको वाटते. तंबाखूच्या पिंका, विडीची थोटके, केसांचे गुंतवळ. पाहुणे पोटभर जेवायचे आणि जाताना पाणी न टाकताच दार ओढून घ्यायचे. शी! सहा महिन्यांतून एकदा कोणीतरी ॲसिड ओतून मला भाजून काढायचे. तरीही मी काम चोख केले. माझ्या मानेत पाणी धरून ठेवले आणि घरात वास जाऊ दिला नाही.

चांगुणाबाईंचा मुलगा आदिनाथ याचे गावात पशुखाद्याचे दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून तो सरकी पेंड विकतो. मागच्या दिवाळीनंतर त्याची शुगर वाढली. डॉक्टरांनी खाण्याचा कागद लिहून दिला. माझ्या डोक्यावरची खिडकी स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे त्याची बायको इंदू तो कागद वाचत होती तेव्हा मी शब्द न् शब्द ऐकला. भाकरी, भात, साखर, गूळ बंद. तूप, अंडी, पनीर चालेल. पालेभाज्या भरपूर, पाणी भरपूर. यातले "तूप चालेल" एवढेच आदिनाथने दोन्ही कानांनी ऐकले.

"अहो, भाजी पन लिहिलीय की," इंदू म्हणाली.

"भाकरीच न्हाई तर भाजी कशासंगं खाऊ? नुसती भाजी खाया मी काय शेळी हाय?"

आमच्याकडे भाजी असते ती भाकरीसाठी. ताटातून भाकरी उठली, तशी तिच्या मागोमाग भाजीही उठली. भाकरीचा कोरडा घास उतरायला तो तांब्याभर पाणी प्यायचा, तेही सुटले. उरला तो तुपाचा गोळा घातलेला काळा चहा, चार अंडी, लोण्यात परतलेले पनीर आणि तर्रीचे मटण. वजन उतरले, शुगरही उतरली. आदिनाथ दुकानात आलेल्या प्रत्येकाला पट्ट्याचे नवे भोक दाखवू लागला.

आणि इकडे माझे हाल सुरू झाले. पहिले दोन दिवस तो फिरकलाच नाही, मला बरेच वाटले. तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन आला आणि पाऊण तास बसून राहिला. कण्हणे, कुंथणे, वर पोट साफ करण्याचे मोठ्या आवाजातले व्हिडिओ. त्याच्या कपाळाचा तुपकट घाम माझ्यावर टपटप गळत होता. एवढे करून पडल्या काय, तर चार कडक लेंड्या. शेळीच्या असतात तशाच! मला हसू यायला हवे होते, पण शिसारीच आली. पुढच्या आठवड्यात रक्ताचे थेंबही पडले. मग त्याने कुणाला न विचारता औषधाच्या दुकानातून चूर्ण आणले आणि एक चमचा घ्यायचे ते तीन चमचे घेतले. त्या सकाळी काय झाले ते मी सांगणार नाही. त्यानंतर पाच दिवस पुन्हा कुलूप.

शेवटी खापर फुटले ते माझ्यावर. "समदा दोष या भांड्याचा हाय. उकिडवं बसून पोट दबतंय. कमोडच बसवू," आदिनाथ म्हणाला. गोरक्ष गवंडी येऊन हातोड्याच्या दांड्याने मला ठोकून गेला. "रविवारी फोडतो," म्हणाला. नवा कमोड खोक्यात बंद होऊन परसात आला. पंचवीस वर्षे या घराची घाण गिळली आणि बक्षीस म्हणून हातोडा! माणसाच्या जातीचा मला वीट आला. त्याहून जास्त मला भीती वाटली.

रविवारी गोरक्ष हातोडा, छिन्नी आणि घमेले घेऊन आला. परसातच चहा चालला होता, तेवढ्यात बिभीषण नावाचा शेतकरी धावत आला.

"आदिनाथभाऊ, म्हशीचं शेन पडंना. दोन दिस झालं."

आदिनाथ ताठ बसला. हा त्याचा प्रांत. "पेंड किती घालतो?"

"लई घालतो. दूध वाढावं म्हनून."

"आन् वैरन?"

"सध्या न्हाई. पेंडच खाती आवडीनं."

"अरं येड्या, नुसत्या पेंडीवर जनावर मोकळं कसं व्हईल? हिरवा चारा टाक. पानी पाज, खडेमीठ चाटाया ठेव. दावं सोडून जरा हिंडव. आन् तरीबी न्हाई झालं तर जनावराच्या डॉक्टरला बोलाव, आपल्या मनानं काई पाजू नगंस."

बिभीषण गेला. स्वयंपाकघराच्या दारातून चांगुणाबाई म्हणाल्या, "आदिनाथ, आता हेच सारं तुझ्या पोटाला सांग की."

गोरक्ष कपात बघत हसू दाबत होता. आदिनाथ कानापर्यंत लाल झाला.

"गोरक्ष, चार दिस थांब," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि हातोडा पिशवीत गेला.

इंदूने तुपात परतलेली मेथी वाडगाभर आणली, वर जवसाची चटणी, बाजूला काकडी आणि पाण्याचा तांब्या. आदिनाथने ती भाजी तोंड वाकडे करून चमच्याने खाल्ली. संध्याकाळी तो नदीच्या पुलापर्यंत चालत गेला. रक्त पडल्याचे डॉक्टरांनाही सांगून आला. दुसऱ्या दिवशी काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी तो मोबाईल न घेता आला आणि पाच मिनिटांत हलका होऊन उठला. मित्रांनो, त्या घाणीने मला आनंद झाला! असला आनंद होतो म्हणून लगेच लाजही वाटली.

"गोरक्षला फोन लाव. कमोड परत देऊन टाकू," आदिनाथ हात धुताना ओरडला. मी वाचले होते.

स्वयंपाकघरात इंदू तांब्या भरता भरता सासूला म्हणाली, "आत्या, तुमी बी पानी पीत जा. दिसभर तोंडाला लावत न्हाई तुमी."

चांगुणाबाईंनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाल्या, "पानी प्याले की तिथं जावं लागतं, बाई. गुडघं गेलं माझं. खाली बसता येतं, उठता येत न्हाई. नळ धरून कसंबसं उठते. दोन वरसं झाली."

"आई, मग बोलली का न्हाई?" आदिनाथने विचारले.

"मीच हट्टानं बसवलं हुतं ते. आता मीच फोडा कसं म्हनू?"

मला हे माहीत होते. दोन वर्षे रोज मी त्या गुडघ्यांचा आवाज ऐकला. उठताना त्या दोनदा अर्ध्यातून परत खाली बसायच्या, ते मी पाहिले. तरी कमोडचे खोके आले तेव्हा मला फक्त माझी काळजी होती. जगाच्या घाणीला शी शी करणाऱ्या मला त्या सकाळी स्वतःची किळस आली.

आदिनाथने आईपुढे मान खाली घातली आणि फोन लावला. "गोरक्ष, आजच ये."

मित्रांनो, भाकरी सोडलीत तरी भाजी सोडू नका, पाणी प्या, आणि माझ्या जागी येणाऱ्यावर थुंकू नका. आणि तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस पाणी प्यायचे टाळत असेल, तर का ते त्याला नक्की विचारा.

गोरक्षने बाही वर केली आहे. मी घाबरलेले नाही असे म्हणणार नाही. चांगुणाबाई भिंत धरून दारात उभ्या आहेत.

"जरा हळू मार रं," त्या म्हणत आहेत.